मामास हाक

शरणपूरच्या चर्चमागच्या खोलीची किल्ली
वाघचौरे मास्तरांकडे असते,
आणि मास्तर जेवायला गेलेले असतात.
गेली दोन वर्षं मी नेमकी त्यांच्या जेवणाच्या वेळेला पोचते.

कपाट लोखंडी. डांबरगोळ्यांचा वास.
कसरीनं नक्षी काढलेली बाप्तिस्म्याची वही,
एकोणसाठ, साठ, एकसष्ट. एकसष्टावर बोट थांबतं.
नाव याकोब, तेही इथंच ठेवलेलं.
वय अदमासे आठ.
बापाचं नाव ठाऊक नाही. गाव ठाऊक नाही.
कोठून: गुलामांच्या गलबतावरून सोडवून, मुंबईमार्गे.
खूण: डाव्या गालावर तीन रेघा.

अप्पा सांगायचे, आपण सिन्नरकडचे.
सुतार आडनाव ऐकून कुणी पुढचं विचारलंच,
तर ते विषय पाण्याकडे वळवत,
'यंदा गंगापूरचं धरण भरलं म्हणतात.'
आडनाव रंध्याचं होतं.
कारखान्याच्या वर्गात त्या पोराच्या हाती दिलेल्या
रंध्याचं. लाकूड इथलं, हात कुठला कोण जाणे.
माझ्या भाचीचे केस बघून पार्लरवाली म्हणते,
ताई, याला जादा पैसे पडतील.

रेखा गायधनी, सिव्हिलला माझ्यासोबत रात्रपाळ्या केलेली,
तिचे सासरे रामकुंडावर बसतात.
एकदा गेले. लांबडी वही मांडीवर ओढून म्हणाले,
गाव सांगा, कूळ सांगा, सात पिढ्या काढून देतो.
माणूस भला. खोटं बोलवेना.
मी म्हटलं, गाव समुद्र.
त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला.
म्हणाले, तालुका?

मग शाळेची शिस्तीची वही सापडली,
पोरांच्या छड्या मोजून ठेवलेली. अक्षर मोडी.
मास्तर एकेक अक्षर भिंगाखालून सोडवत गेले,
वाटाणे सोलावेत तसे:
'याकोब रात्री मामास हाक मारितो.
मामा कोण, पुसता सांगत नाही. छड्या दोन.'

त्या मामाला मी शोधत राहिले.
गलबतावर मोठे पुरुष किती होते,
कोण गोदीत लागला, कोण पटकीनं गेला,
कुणाच्या गालावर तशाच तीन रेघा.
तो सापडेना, दुसरंच हाती आलं.
तरुण झालेल्यांना मोंबासाला परत धाडलं, त्याची यादी.
याकोबच्या नावावर आडवी रेघ,
समासात एकच शब्द: ताप.
पुढच्या पाचव्या वर्षी निफाडच्या सगुणाशी लग्न.
त्या तापाचे आम्ही वंशज.

मागच्या ऑक्टोबरात फार्मसीला आलेली एक मुलगी
वरची खोली बघायला आली. नाव नेमा, देश टांझानिया.
जिन्यात उभी राहून घरी फोन करत होती,
तिचं काहीच कळत नव्हतं, मामा तेवढं कळत होतं.
मामा, मामा, मग हसणं, मग पुन्हा मामा.
मी सहज विचारलं, बरे आहेत ना मामा?
तिनं फोनवर तळहात ठेवला.
मामा नाही, म्हणाली. आई.
आमच्यात आईलाच म्हणतात.

मी भाडं सांगायचं विसरले.

आठ वर्षांचं पोर, वसतिगृहाची फरशी,
पांडवलेण्यांकडून येणारा वारा,
आणि कंदील घेऊन उभा असलेला कुणी
प्रामाणिकपणे विचारतोय: मामा कोण?
मीही तेच विचारत होते, दोन वर्षं,
त्याच प्रामाणिकपणानं.

आज पुन्हा आलेय. एकसष्टावर पान उघडं.
बापाचा रकाना आहे, गावाचा आहे,
पाद्रीसाहेबाच्या सहीला तर अर्धी ओळ.
आईचा रकाना या वहीत नाही,
आखलाच नव्हता.

मास्तर सुपारी चघळत येतात.
काय बाई, सापडला का तुमचा मामा?
सापडला, मी म्हणते.
ते कानामागची पेन्सिल काढतात.
कुठल्या पानावर?